मुंबई उपनगरी रेल्वेतील बाँबस्फोट, २००६

मुंबई उपनगरी रेल्वेतील बाँबस्फोट, २००६ : मुंबईच्या पश्चिम रेल्वेवरील उपनगरी गाड्यांत मंगळवार, दि. ११ जुलै २००६ रोजी सायंकाळी ६ वा. २४ मि. ते ६ वा. ३५ मि. या अकरा मिनिटांच्या अवधीत घडवून आणलेली सात स्फोटांची मालिका. ‘७/११ चे स्फोट’ किंवा ‘लोकल गाड्यांतील साखळी स्फोट’ या नावांनीही ती ओळखली जाते. या स्फोटांत १८० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले; काही गणनांत ही संख्या दोनशेच्याही वर दिलेली आढळते. जखमींची संख्या आठशेच्या आसपास होती. भारतात रेल्वेप्रवाशांवर झालेल्या दहशतवादी हल्ल्यांपैकी हा एक अत्यंत भीषण हल्ला होय. त्यानंतरचा तपास, नऊ वर्षे चाललेला खटला, २०१५ मधील शिक्षा आणि २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने केलेली सर्व आरोपींची निर्दोष मुक्तता यांमुळे भारतीय फौजदारी न्यायव्यवस्थेच्या अभ्यासातही या घटनेस महत्त्व प्राप्त झाले आहे.

पार्श्वभूमी : मुंबई हे दक्षिणोत्तर पसरलेले अरुंद बेटवजा शहर आहे. कार्यालये, बाजारपेठा व बँका यांचे केंद्र दीर्घकाळ बेटाच्या दक्षिण टोकाला राहिले आणि लोकवस्ती मात्र उत्तरेकडे वाढत गेली. या दोहोंना जोडण्याचे काम रेल्वेने केले. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे हा भारतातील पहिला प्रवासी लोहमार्ग सुरू झाला. १८६७ मध्ये बाँबे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने विरार ते बॅक बे अशी स्थानिक गाडी चालू केली आणि १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली या मार्गाचे विद्युतीकरण झाले. याच मार्गापासून पुढे पश्चिम रेल्वेची चर्चगेट ते विरार ही सु. ६० किमी. लांबीची उपनगरी सेवा विकसित झाली. स्फोटांच्या काळात मुंबईतील सर्व उपनगरी मार्गांवरून दररोज सु. ६० लाख प्रवासी ये-जा करीत. सकाळी दक्षिणेकडे व सायंकाळी उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांना त्या काळी इतकी गर्दी होई, की नऊ डब्यांच्या गाडीतून तिच्या क्षमतेच्या दुपटीहून अधिक, म्हणजे चार ते पाच हजार माणसे प्रवास करीत. रेल्वेच्या परिभाषेत या स्थितीस ‘अतिघन गर्दी’ म्हणतात. तीत एक चौ. मी. जागेत चौदा ते सोळा माणसे उभी असतात.

अशी वाहतूकव्यवस्था स्वभावतःच खुली असते. प्रवासी कोणत्याही स्थानकावर अनेक वाटांनी फलाटावर येतात, गाडी स्थानकात अर्ध्या मिनिटाहून क्वचितच अधिक थांबते आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हाती पिशवी वा डब्याची थैली असते. एखादी वस्तू ठेवून निघून जाणे सोपे आणि ती ओळखणे कठीण असते. थोड्या साधनांत मोठी हानी करू पाहणाऱ्यांना हेच सोयीचे ठरते.

मुंबईतील सार्वजनिक वाहतूक या पूर्वीही लक्ष्य झाली होती. १२ मार्च १९९३ च्या स्फोटमालिकेत २५७ माणसे मरण पावली. तीत वरळी येथील सेंच्युरी बाजाराजवळचा स्फोट भर रस्त्यावर, वाहतुकीच्या गर्दीत झाला. डिसेंबर २००२ मध्ये घाटकोपर येथे बेस्टच्या बसमध्ये, मार्च २००३ मध्ये मुलुंड स्थानकात लोकल गाडीत व जुलै २००३ मध्ये पुन्हा घाटकोपर येथे बसमध्ये स्फोट झाले. ऑगस्ट २००३ मध्ये गेटवे ऑफ इंडिया व झवेरी बाजार येथे टॅक्सींतून स्फोटके आणण्यात आली व सु. ५० माणसे बळी पडली. तथापि एकाच मार्गावरील अनेक गाड्यांवर एकाच वेळी आघात होण्याचा प्रसंग मात्र २००६ पूर्वी मुंबईत आला नव्हता.

स्फोटमालिका : सातही स्फोट चर्चगेटहून उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांतील पुरुषांच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत झाले. खार रोड–सांताक्रूझ आणि वांद्रे–खार रोड या स्थानकांदरम्यान पहिले दोन स्फोट ६ वा. २४ मि. च्या सुमारास झाले. त्यापाठोपाठ जोगेश्वरी, माहीम, मीरा रोड–भाईंदर दरम्यान, माटुंगा रोड–माहीम दरम्यान व शेवटी ६ वा. ३५ मि. च्या सुमारास बोरिवली येथे स्फोट झाले. यांपैकी माहीम येथील स्फोटात सर्वाधिक प्राणहानी झाली. ज्या गाड्या आधी सुटल्या होत्या, त्या भाईंदर–बोरिवलीपर्यंत पोहोचल्या होत्या. नंतर सुटलेल्या गाड्या माटुंगा–माहीमच्या आसपासच होत्या. स्फोटांच्या वेळा मात्र जवळजवळ एकच होत्या. परिणामी सु. ३० किमी. लांबीच्या पट्ट्यात एकाच वेळी सात ठिकाणी मदत पोहोचविण्याचा प्रश्न उभा राहिला.

तपास यंत्रणांच्या मते स्फोटके प्रेशर कुकरमध्ये भरून, पिशव्यांत घालून डब्यांतील सामानाच्या फळ्यांवर ठेवण्यात आली होती आणि त्यांत आरडीएक्स व अमोनियम नायट्रेट यांचा वापर झाला होता. स्फोटकांचे नेमके स्वरूप हा पुढे खटल्यातील एक वादग्रस्त मुद्दा ठरला. स्फोटांचा जोर एवढा होता, की डब्यांचे पोलादी छप्पर व बाजूचे पत्रे फाटून बाहेर आले आणि दारांजवळ उभे असलेले अनेक प्रवासी रुळांवर फेकले गेले.

पहिल्या वर्गाचा डबा निवडण्यामागील हेतूबद्दल त्या काळी अनेक तर्क करण्यात आले. एका अपरिचित संघटनेच्या नावाने हल्ल्याची जबाबदारी स्वीकारणारा संदेशही प्रसारमाध्यमांकडे आला. परंतु त्याच्या सत्यतेविषयी निर्णायक असे काही सिद्ध झाले नाही. मृतांत सर्व धर्मांचे व भाषांचे लोक होते. त्यांत व्यापारी होते, तसेच कारकून, विद्यार्थी व सेवानिवृत्तही होते.

बचावकार्य व वैद्यकीय साहाय्य : सर्वच ठिकाणी पहिली मदत केली ती गाडीतील इतर प्रवाशांनी आणि लोहमार्गालगतच्या वस्त्यांतील रहिवाशांनी. स्फोट झालेल्या कित्येक जागा दोन स्थानकांच्या मध्ये होत्या व तेथे रुग्णवाहिका जाऊ शकत नव्हती. रहिवाशांनी घरातील चादरी व सतरंज्या आणल्या, त्यांच्या झोळ्या करून जखमींना रुळांवरून रस्त्यापर्यंत नेले आणि रिक्षा, टॅक्सी, टेंपो, जे वाहन मिळेल त्यातून रुग्णालयांत पोहोचविले. परळचे केईएम, शीवचे लोकमान्य टिळक, वांद्र्याचे भाभा, सांताक्रूझचे वि. ना. देसाई, विलेपार्ल्याचे कूपर व बोरिवलीचे भगवती ही महानगरपालिकेची रुग्णालये आणि काही खाजगी रुग्णालये यांवर उपचारांचा मुख्य भार पडला. रक्तदानासाठी त्याच रात्री रुग्णालयांबाहेर रांगा लागल्या. दूरध्वनियंत्रणेवर पडलेल्या अतिरिक्त भारामुळे मोबाइल दूरध्वनी तासन्‌तास बंद राहिले. त्यामुळे शहरातील लक्षावधी कुटुंबांना आपली माणसे सुखरूप आहेत की नाहीत हे कळेना. रुग्णालयांच्या दारांवर लावलेल्या हस्तलिखित याद्या हाच अनेकांना माहितीचा एकमेव आधार होता.

बंदिस्त जागेतील स्फोटात होणाऱ्या इजा उघड्यावरील स्फोटापेक्षा भिन्न असतात. स्फोटामुळे निर्माण होणारी दाबाची लाट भिंतींवर आदळून परावर्तित होते व तिचा परिणाम वाढतो. या लाटेचा आघात मुख्यतः हवा भरलेल्या अवयवांवर, म्हणजे कान, फुप्फुसे व आतडी यांवर होतो. बाहेरून जखम न दिसणारा माणूसही त्यामुळे काही तासांनी अत्यवस्थ होऊ शकतो. दुसऱ्या प्रकारच्या इजा उडालेल्या धातूच्या व काचेच्या तुकड्यांनी आणि तिसऱ्या प्रकारच्या इजा माणूस स्वतः फेकला जाऊन आदळल्याने होतात. मुंबईतील जखमींत या तिन्ही प्रकारच्या इजा आढळल्या. कानाचे पडदे फाटून आलेले बहिरेपण, हातापायांचे विच्छेदन, मज्जारज्जूला झालेल्या इजेमुळे आलेला पक्षाघात व मेंदूच्या जखमा यांमुळे अनेकांना आयुष्यभराचे अपंगत्व आले. मेंदूला गंभीर इजा झालेला एक तरुण प्रवासी नऊ वर्षे रुग्णशय्येवर राहून जुलै २०१५ मध्ये मरण पावला. मृतांच्या निरनिराळ्या गणनांत फरक पडण्याचे एक कारण असे उशिरा झालेले मृत्यू हेही होय.

जनजीवनावरील परिणाम : स्फोटांनंतर पश्चिम रेल्वेची सेवा ताबडतोब थांबविण्यात आली. कार्यालये सुटण्याची वेळ असल्याने लाखो माणसे रस्त्यावर आली. अनेकजण दादर, अंधेरी वा त्याहूनही पुढे चालत गेले. बेस्टने जादा बसगाड्या सोडल्या, महामार्गांवर रहिवाशांनी पाणी व बिस्किटे वाटली आणि खाजगी वाहनचालकांनी अनोळखी माणसांना घरापर्यंत सोडले. रेल्वे कर्मचाऱ्यांनी रात्रीच मोडके डबे हलवून मार्ग मोकळा केला. सेवा त्याच रात्री अंशतः सुरू झाली व दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या पुन्हा भरून धावू लागल्या.

या झपाट्याने पूर्ववत झालेल्या जीवनक्रमाचे ‘मुंबईचे धैर्य’ म्हणून देशविदेशांत कौतुक झाले. स्फोटांमुळे जातीय दंगल उसळेल ही भीतीही खोटी ठरली. शहरात शांतता राहिली. तथापि या कौतुकाविषयी लवकरच वेगळा सूरही उमटला. रोजंदारीवर व मासिक वेतनावर जगणाऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशी कामावर जाण्यावाचून गत्यंतर नसते आणि रेल्वेखेरीज दुसरे साधन त्याला परवडत नाही. तेव्हा ज्याला धैर्य म्हटले जाते त्यात अगतिकतेचा अंश किती, असा प्रश्न पत्रकार, नाटककार व स्वतः प्रवासी यांनी विचारला. नागरिकांच्या सोशिकपणाची स्तुती हा शासनाच्या जबाबदारीला पर्याय होऊ शकत नाही, हा विचार नंतरच्या प्रत्येक हल्ल्याच्या वेळी पुन्हा मांडला गेला.

राजकीय पातळीवर पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी मुंबईस भेट देऊन जखमींची विचारपूस केली. त्या वेळी विलासराव देशमुख हे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री व आर. आर. पाटील हे गृहमंत्री होते. भारत–पाकिस्तान यांच्या परराष्ट्र सचिवांची जुलैमध्ये ठरलेली बोलणी पुढे ढकलण्यात आली. सप्टेंबर २००६ मध्ये हाव्हॅना येथे अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेच्या वेळी दोन्ही देशांनी दहशतवादाविरुद्ध संयुक्त यंत्रणा स्थापण्याचे मान्य केले; तथापि या यंत्रणेतून विशेष फलनिष्पत्ती झाली नाही.

तपास : प्रारंभी लोहमार्ग पोलीस ठाण्यांत स्वतंत्र गुन्हे नोंदविण्यात आले व नंतर सर्व तपास के. पी. रघुवंशी प्रमुख असलेल्या राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाकडे सोपविण्यात आला. ३० सप्टेंबर २००६ रोजी मुंबईचे पोलीस आयुक्त ए. एन. रॉय यांनी गुन्ह्याचा उलगडा झाल्याचे जाहीर केले. लष्कर-ए-तय्यबा या पाकिस्तानस्थित संघटनेने भारतातील ‘सिमी’ या बंदी घातलेल्या संघटनेच्या सदस्यांच्या साहाय्याने आणि पाकिस्तानच्या आयएसआय या गुप्तचर संघटनेच्या पाठबळाने हा कट तडीस नेला, असे पथकाचे प्रतिपादन होते. बाँब गोवंडी येथील एका घरात तयार करून टॅक्सीने चर्चगेटपर्यंत नेण्यात आले, असेही पथकाने म्हटले. पाकिस्तानने हे आरोप फेटाळले. नोव्हेंबर २००६ मध्ये आरोपपत्र दाखल झाले. त्यातील तेरा आरोपी अटकेत व उर्वरित फरारी होते.

२००८ मध्ये या तपासाला अनपेक्षित वळण मिळाले. मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने त्या वर्षी ‘इंडियन मुजाहिदीन’ या संघटनेच्या काही संशयितांना अटक केली आणि त्यांच्या कथित जबाबांत २००६ चे रेल्वेस्फोट याच गटाने केल्याचा उल्लेख आला. एकाच शहरातील दोन पोलीस शाखांचे निष्कर्ष अशा रीतीने परस्परविरोधी ठरले. बचाव पक्षाने पुढे या विसंगतीचा आधार घेतला.

खटला : आरोपींवर भारतीय दंडसंहिता, स्फोटकविषयक कायदे, बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा, रेल्वे अधिनियम आणि महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, १९९९ (मोक्का) यांखाली आरोप ठेवण्यात आले. यांपैकी मोक्काचे स्थान समजून घेतल्याखेरीज या खटल्याचे मर्म कळत नाही. सामान्य फौजदारी कायद्यानुसार पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य धरला जात नाही. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमातील हा नियम, पोलीस कोठडीत दडपणाखाली जबाब घेतले जातात या अनुभवावर आधारलेला होता. दहशतवादविरोधी ‘टाडा’ (१९८५–९५) व ‘पोटा’ (२००२–०४) या कायद्यांनी या नियमाला अपवाद केला. ते दोन्ही कायदे २००६ पूर्वीच संपुष्टात आले होते. मोक्काच्या कलम १८ अन्वये मात्र पोलीस अधीक्षक वा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदलेला कबुलीजबाब काही अटींवर ग्राह्य ठरतो. जबाब स्वेच्छेने दिला जात असल्याची खात्री करणे, जबाब देण्याची सक्ती नाही याची जाणीव आरोपीला देणे व त्यानंतर त्याला विनाविलंब दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे, या त्यांतील प्रमुख अटी होत. या खटल्यात बहुतेक आरोपींचे कबुलीजबाब अशा रीतीने नोंदण्यात आले. आरोपींनी नंतर ते नाकारले व ते छळ करून घेतल्याची तक्रार केली.

मोक्कातील एका तरतुदीच्या घटनात्मकतेस आव्हान दिले गेल्याने फेब्रुवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खटल्यास स्थगिती दिली. एप्रिल २०१० मध्ये ती तरतूद वैध ठरल्यावर सुनावणी पुन्हा सुरू झाली. सरकार पक्षातर्फे सु. १९० व बचाव पक्षातर्फे सु. ५० साक्षीदार तपासण्यात आले. ११ सप्टेंबर २०१५ रोजी विशेष न्यायाधीश यतिन शिंदे यांनी तेरांपैकी बारा आरोपींना दोषी ठरविले आणि एकाची निर्दोष मुक्तता केली; या एकाने तोवर नऊ वर्षे तुरुंगात घालविली होती. ३० सप्टेंबर रोजी पाच आरोपींना मृत्युदंड व सात जणांना जन्मठेप सुनावण्यात आली. मृत्युदंड झालेल्यांपैकी एकजण २०२१ मध्ये नागपूरच्या कारागृहात कोव्हिड रोगाने मरण पावला.

उच्च न्यायालयाचा निर्णय : सत्र न्यायालयाने दिलेल्या मृत्युदंडास उच्च न्यायालयाची पुष्टी आवश्यक असते. पुष्टीचा हा विषय व आरोपींची अपिले मुंबई उच्च न्यायालयात अनेक वर्षे प्रलंबित राहिली. २०२४ मध्ये त्यांसाठी विशेष खंडपीठ नेमण्यात आले. न्यायमूर्ती अनिल किलोर व न्यायमूर्ती श्याम चांडक यांच्या या खंडपीठाने २१ जुलै २०२५ रोजी सर्व बारा आरोपींची शिक्षा रद्द करून त्यांना निर्दोष ठरविले. आरोपींविरुद्धचा गुन्हा निःसंशयपणे सिद्ध करण्यात सरकार पक्ष पूर्णतः अपयशी ठरला, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. त्याची मुख्य कारणे तीन प्रकारची होती.

पहिले कारण प्रत्यक्षदर्शी साक्षीदारांविषयीचे होते. आरोपींना टॅक्सीतून नेल्याचे वा गाडीत पाहिल्याचे सांगणारे काही साक्षीदार घटनेनंतर सु. शंभर दिवसांनी पुढे आले. गर्दीच्या वेळी क्षणभर पाहिलेला अनोळखी चेहरा एवढ्या काळानंतर, आणि पुन्हा काही वर्षांनी न्यायालयात, खात्रीने ओळखता येणे न्यायालयास असंभाव्य वाटले. ओळखपरेड घेणाऱ्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याला त्या वेळी तसा अधिकारच उरलेला नव्हता, असेही आढळले. दुसरे कारण कबुलीजबाबांविषयीचे होते. निरनिराळ्या आरोपींच्या जबाबांतील मजकुरात संशयास्पद साम्य आढळले व छळाच्या तक्रारींत तथ्य असल्याचे न्यायालयास दिसून आले. तिसरे कारण जप्त वस्तूंविषयीचे होते. स्फोटके, नकाशे इ. जप्त वस्तू योग्य रीतीने मोहोरबंद करून प्रयोगशाळेपर्यंत सुरक्षित पोहोचल्याचे सिद्ध झाले नाही; तसेच वापरलेल्या बाँबचा प्रकारही सरकार पक्षास निश्चित करता आला नाही. खरा गुन्हेगार शोधून त्याला शिक्षा करणे हा कायद्याच्या राज्याचा पाया असला, तरी गुन्ह्याचा छडा लागल्याचा खोटा देखावा लोकांचा विश्वास डळमळीत करतो व खरा धोका मोकळाच राहतो, अशा आशयाचे मत न्यायालयाने व्यक्त केले.

राज्य शासनाने ताबडतोब सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. २४ जुलै २०२५ रोजी त्या न्यायालयाने, हा निर्णय इतर खटल्यांत पूर्वाधार म्हणून मानला जाऊ नये, एवढ्या मर्यादेत त्याला स्थगिती दिली; मुक्त झालेल्या आरोपींना परत तुरुंगात पाठविण्याचा आदेश मात्र दिला नाही. मोक्काखालील अन्य प्रलंबित खटल्यांवर निर्णयाचा परिणाम होईल, ही शासनाने व्यक्त केलेली चिंता या स्थगितीमागे होती.

या निर्णयाने दोन्ही बाजूंचे दुःख उघड झाले. तरुण वयात अटक झालेली माणसे एकोणीस वर्षांनी बाहेर आली, तेव्हा त्यांपैकी कित्येकांचे आईवडील हयात नव्हते. दुसरीकडे, मृतांच्या नातेवाइकांना व अपंग झालेल्या प्रवाशांना, मग आमच्या माणसांना मारले कोणी, या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही. सदोष तपासाने निरपराध माणसाचे जेवढे नुकसान होते, तेवढेच हानी पोहोचलेल्याचेही होते. कारण काळ लोटल्यावर पुरावा पुन्हा गोळा करता येत नाही.

नुकसानभरपाई : रेल्वे अधिनियम, १९८९ मध्ये १९९४ साली समाविष्ट झालेल्या कलम १२४-अ नुसार प्रवासी गाडीतील वा स्थानकातील दहशतवादी कृत्य ही ‘अनुचित घटना’ ठरते आणि रेल्वेचा दोष असो वा नसो, भरपाई देण्याचे दायित्व रेल्वेवर येते. भरपाईचे दावे रेल्वे दावा न्यायाधिकरणापुढे चालतात. २००६ मध्ये मृत्यूबद्दलची कमाल भरपाई ४ लाख रु. होती, २०१७ पासून ती ८ लाख रु. करण्यात आली. याखेरीज रेल्वेने व राज्य शासनाने सानुग्रह रकमा जाहीर केल्या आणि रेल्वेने मृतांच्या वारसांना नोकरी देऊ केली. एकरकमी भरपाईने मृतांच्या कुटुंबांना तात्पुरता आधार मिळाला; परंतु कृत्रिम अवयव, श्रवणयंत्रे, वारंवारच्या शस्त्रक्रिया व मानसोपचार यांचा खर्च जखमींना वर्षानुवर्षे करावा लागतो व तो अशा एकरकमी योजनेत नीट सामावत नाही, हे या घटनेने दाखवून दिले.

सुरक्षाव्यवस्था : स्फोटांनंतर प्रमुख स्थानकांवर धातुशोधक चौकटी, सीसीटीव्ही कॅमेरे, श्वानपथके व रेल्वे सुरक्षा दलाची वाढीव कुमक ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने करण्यात आली. बेवारस वस्तूंना हात लावू नये व त्यांची खबर द्यावी, ही उद्‌घोषणा तेव्हापासून मुंबईच्या प्रवाशाच्या नित्य परिचयाची झाली. तथापि विमानतळाप्रमाणे प्रत्येक प्रवाशाची झडती घेणे येथे अशक्यप्राय आहे. तसे केल्यास रांगांतील गर्दी हेच नवे लक्ष्य होऊ शकते. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दोन बंदूकधाऱ्यांनी छत्रपती शिवाजी टर्मिनसवर केलेल्या हल्ल्यात पन्नासहून अधिक माणसे मरण पावली, तेव्हा स्थानकांच्या संरक्षणातील उणिवा पुन्हा उघड झाल्या. त्या प्रसंगी ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना सुरक्षित वाटेने बाहेर पडण्याच्या सूचना देत राहिलेल्या रेल्वेच्या निवेदकाने अनेकांचे प्राण वाचविले. यंत्रसामग्रीइतकेच प्रशिक्षित व प्रसंगावधानी कर्मचारी महत्त्वाचे असतात, हे त्यावरून स्पष्ट झाले. या हल्ल्यानंतर केंद्र शासनाने राष्ट्रीय तपास संस्था स्थापन केली. आंतरराज्य व आंतरराष्ट्रीय धागेदोरे असलेले दहशतवादी गुन्हे तिच्याकडे सोपविण्याची प्रथा पडली.

अन्य शहरांतील घटना : महानगरांच्या वाहतुकीवरील हल्ले ही विसाव्या शतकाच्या अखेरीस जगभर दिसू लागलेली प्रवृत्ती होय. २० मार्च १९९५ रोजी टोकिओच्या भुयारी रेल्वेत ओम शिनरिक्यो पंथाच्या अनुयायांनी सारिन हा विषारी वायू सोडला. ११ मार्च २००४ रोजी माद्रिदमध्ये चार उपनगरी गाड्यांत दहा बाँबस्फोट होऊन १९० हून अधिक माणसे बळी पडली. ७ जुलै २००५ रोजी लंडनमध्ये तीन भुयारी गाड्या व एक बस यांवरील आत्मघातकी हल्ल्यांत ५२ प्रवासी ठार झाले. या सर्व ठिकाणी गर्दीची वेळ साधणे, अनेक ठिकाणी एकाच वेळी आघात करणे आणि नित्याच्या साध्या व्यवहारात भीती निर्माण करणे ही लक्षणे समान दिसतात. घटनोत्तर चौकशीत मात्र फरक आढळतो. माद्रिदच्या हल्ल्यातील आरोपींचा मुख्य खटला २००७ मध्ये निकालात निघाला. लंडनमध्ये २०१०–११ मध्ये न्यायमूर्ती हॅलेट यांच्यापुढे मृत्यूंची जाहीर न्यायिक चौकशी झाली; तीत प्रत्येक मृताचा अंत कसा झाला, मदत केव्हा पोहोचली व ती लवकर पोहोचती तर कोणी वाचले असते काय, यांचा स्वतंत्र विचार करण्यात आला. गुन्हेगार कोण या प्रश्नापासून यंत्रणा कोठे कमी पडली हा प्रश्न वेगळा काढल्याने तेथे सुधारणांच्या शिफारशी खटल्यावर अवलंबून राहिल्या नाहीत.

स्मृती : माहीम स्थानकात स्फोटातील मृतांच्या स्मरणार्थ फलक उभारण्यात आला आहे. दरवर्षी ११ जुलै रोजी सायंकाळी तेथे मृतांचे नातेवाईक व बचावलेले प्रवासी एकत्र जमून श्रद्धांजली वाहतात. जवळून गाड्या नेहमीप्रमाणे जात राहतात आणि जमलेल्यांपैकी अनेकजण कार्यक्रम आटोपल्यावर त्याच मार्गाने घरी परततात.

(पहा : दहशतवाद; मुंबई; रेल्वे; संघटित गुन्हेगारी.)